इमारत आपली, कळ कोणाच्या हाती?

पनवेलजवळ, हिरानंदानी फॉर्च्युन सिटीच्या आवारात ‘योट्टा एनएम-1’ हे डेटा सेंटर आहे. जुलै 2020 मध्ये ते सुरू झाले. क्षेत्रफळ 8.2 लाख चौरस फूट, आत 7,200 रॅक मावतील एवढी जागा, आणि वीज किंवा शीतकरण यांतले काहीही बिघडले तरी काम थांबू नये अशी दुहेरी व्यवस्था. अपटाइम इन्स्टिट्यूटचे चौथ्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचे प्रमाणपत्र त्याला मिळालेले आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये याच केंद्रातून ‘मायशक्ती’ नावाचा चॅटबॉट सुरू झाला आणि भारताचा स्वतःचा, सार्वभौम चॅटबॉट अशी त्याची जाहिरात झाली. तो 128 एच-100 जीपीयूंवर, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते करणाऱ्या प्रगत प्रोसेसरांवर, चालत होता. त्यामागचे मॉडेल डीपसीक या चिनी कंपनीचे होते. जीपीयू एन्व्हिडिया या अमेरिकी कंपनीचे होते आणि त्यांतली चिप घडली होती तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात. जमीन, वीज, पाणी, इमारत, ती चालवणारे अभियंते आणि नाव मात्र आपले.

यात हसण्यासारखे काही नाही. डीपसीकचे मॉडेल खुले होते. ते उतरवून घेऊन पनवेलमध्ये चालवले, की वापरणाऱ्याचे प्रश्न चीनच्या सर्व्हरवर जात नाहीत आणि चिनी कंपनीला ते दुरून बंदही करता येत नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीक वापरू नका, असे बजावले होते. ते बरोबरच होते, कारण तिथे सरकारी मजकूर परक्या सर्व्हरवर जाणार होता. मॉडेल तेच, पण चालवण्याची जागा आणि अटी बदलल्या की धोक्याचे स्वरूपही बदलते.

तेव्हा परावलंबन वाईट, स्वावलंबन चांगले, एवढ्या सरळ वाटणीने हा प्रश्न सुटत नाही. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीबाबत दोन गोष्टी तपासाव्या लागतात. ती उद्या बंद करण्याची कळ कोणाच्या हाती आहे? आणि ती बंद झाली तर आपल्याला दुसरी वाट आहे का? पहिल्याचे उत्तर ‘परक्याच्या’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे येत असेल, तर ती खरेदी व्यापारापुरती राहत नाही, परराष्ट्र धोरणाला घातलेली ती वेसण ठरते. आपण आज अशा वेसणी ओळीने घालून घेत आहोत, आणि त्यांचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

पनवेल, महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात एवढी डेटा सेंटरे उभी राहिली त्यामागे सरकारी धोरण आहे. 6 एप्रिल 2018 रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून पैशांच्या व्यवहारांचा सगळा डेटा भारतातच साठवला पाहिजे, असा आदेश दिला आणि त्यासाठी 15 ऑक्टोबरपर्यंतची मुदत दिली. परदेशी कार्ड कंपन्यांनी खूप खटपट केली, पण बँक हटली नाही. जुलै 2021 मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली. कंपनीने अट पूर्ण केल्यावर जून 2022 मध्ये ती उठली. विकसनशील देशाची एक नियामक संस्था जागतिक कंपनीला नियम पाळायला लावू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

मात्र 2018 मध्येच न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने सुचवलेली वैयक्तिक डेटा देशात ठेवण्याची तरतूद पुढे पातळ होत गेली. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नियम उलटा आहे. सरकारने एखाद्या देशाचे नाव घेऊन मनाई केली नाही तोवर डेटा बाहेर जाऊ शकतो.

शिवाय डेटा देशात असणे म्हणजे तो देशाच्या ताब्यात असणे नव्हे. मार्च 2018 मध्ये अमेरिकेने ‘क्लाऊड ॲक्ट’ केला. त्यानुसार अमेरिकी कंपनीच्या ताब्यातला डेटा जगात कुठेही साठवलेला असो, अमेरिकी न्यायालयाचा रीतसर आदेश आला की तो तिला द्यावा लागतो. जून 2025 मध्ये फ्रान्सच्या सिनेटसमोर मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारण्यात आले, की फ्रेंच नागरिकांचा डेटा फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय अमेरिकेला दिला जाणार नाही, याची हमी द्याल का. त्यांनी हमी देता येत नाही असे सांगितले. असे अजून घडलेले नाही, असेही ते म्हणाले. दोन्ही वाक्ये खरी मानली तरी राज्यकर्त्याने पहिल्यावर विसंबून धोरण आखायचे असते.

ही भीती पुस्तकी आहे असे वाटत असेल, तर जुलै 2025 मधले नायरा एनर्जीचे प्रकरण आठवावे. नायरा ही भारतात नोंदलेली, मुंबईत कार्यालय असलेली कंपनी. गुजरातमधल्या वाडिनारला तिचा वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करणारा प्रकल्प आहे. देशाच्या एकूण शुद्धीकरण क्षमतेच्या तो सुमारे आठ टक्के होतो. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा 49.13 टक्के हिस्सा असल्याने 18 जुलैला युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले. एकतर्फी निर्बंध भारत मानत नाही, असे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याच दिवशी जाहीर केले. चारच दिवसांनी, 22 जुलैला, मायक्रोसॉफ्टने नायराची सेवा थांबवली. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना स्वतःचे ईमेल उघडेनात आणि टीम्सवर बोलता येईना. परवान्यांचे पैसे भरलेले होते. डेटा नायराचाच होता. भारतीय कायद्याने तिचा काही गुन्हा नव्हता, आणि निर्बंध अमेरिकेचेही नव्हते. म्हणजे युरोपचा निर्णय अमेरिकेच्या कंपनीने भारतीय भूमीवर भारतीय कंपनीवर बजावला. नायराने रेडिफची ईमेल सेवा घेतली, दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि सुनावणी पुढे जाण्याआधीच 30 जुलैला मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केली.

प्रकरण आठ दिवसांत मिटले म्हणून ते वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवरच राहिले. खरे तर ते पहिल्या पानाचे होते. रशियाचे तेल घ्यायचे की नाही, हा भारताचा सार्वभौम निर्णय असल्याचे आपण जगाला सांगत होतो. त्याच वेळी देशातल्या एका मोठ्या शुद्धीकरण प्रकल्पाचे दैनंदिन कामकाज दुसऱ्या खंडातल्या कंपनीच्या विधी विभागाच्या मतावर अवलंबून होते. ऑगस्टमध्ये अमेरिकेने रशियन तेलाचे कारण देऊन आपल्या मालावरचे आयात शुल्क 50 टक्क्यांवर नेले. त्याचा गवगवा झाला, कारण ते दिसत होते. निर्यातदार ओरडू शकत होते, संसदेत प्रश्न विचारता येत होते. बंद पडलेल्या ईमेलला असा कोणी वाली नसतो. आणि जिथे ईमेलच्या जागी निर्णय घेणारी, हिशेब तपासणारी, यंत्रे चालवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता असेल, तिथे आठ दिवस हा फार मोठा काळ ठरेल.

चिपच्या बाबतीत तर ही कळ उघडपणे वापरली जाते. जानेवारी 2025 मध्ये, सत्ता सोडण्याच्या आठवडाभर आधी, बायडेन प्रशासनाने जगाची तीन गटांत विभागणी करणारा नियम काढला. पहिल्या गटातल्या 18 मित्रदेशांना हव्या तेवढ्या प्रगत चिप मिळणार होत्या. भारत दुसऱ्या गटात होता. अशा देशाला 2027 पर्यंत सर्वसाधारणपणे 50,000 जीपीयूंच्या आसपास मर्यादा होती. ट्रम्प प्रशासनाने मे महिन्यात, नियम लागू होण्याच्या तोंडावर, तो मागे घेतला. आपल्याकडे सुटकेचा निःश्वास टाकला गेला. पण जो नियम एका सहीने आला आणि दुसऱ्या सहीने गेला, तो तिसऱ्या सहीने परत येऊ शकतो. चीनला एन्व्हिडियाची एच-20 चिप विकण्यावर एप्रिलमध्ये बंदी आली, जुलैत ती उठली, आणि ऑगस्टमध्ये त्या विक्रीतला 15 टक्के वाटा अमेरिकी सरकारला देण्याचे ठरले. सुरक्षेच्या नावाने घातलेली बंदी बघता बघता सौदेबाजीचा विषय झाली.

दोन्ही महासत्तांनी आपला इरादा लपवलेला नाही. 23 जुलै 2025 रोजी ट्रम्प यांनी चिपपासून मॉडेलपर्यंतचा अमेरिकी तंत्रज्ञानाचा पूर्ण संच जगात निर्यात करण्याच्या आदेशावर सही केली. तीनच दिवसांनी चीनने शांघायमध्ये स्वतःचा जागतिक कृती आराखडा मांडला आणि आपल्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय संघटना काढण्याचा प्रस्ताव ठेवला. कोणाचा संच घेता, यावरून उद्या कोण कोणाच्या गोटात आहे ते ठरेल. अलिप्ततेची आणि धोरणात्मक स्वायत्ततेची भाषा करणाऱ्या देशाला हे पेच नवे नाहीत. नवे आहे ते हे, की यातले बरेच निर्णय आता परराष्ट्र मंत्रालयात होतच नाहीत.

महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. राज्य सरकारने पोलिसांच्या मदतीसाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी काढली. तिच्यामार्फत ‘महाक्राइम ओएस’ ही प्रणाली आली आणि नागपूरच्या 23 पोलीस ठाण्यांत तिचा प्रयोग झाला. डिसेंबर 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांच्या उपस्थितीत ती राज्यातल्या सर्व 1,100 पोलीस ठाण्यांत नेण्याचे जाहीर झाले. प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या ॲझुर क्लाऊडवर आणि तिथल्या ओपनएआयच्या मॉडेलवर चालते. ती तक्रार वाचते, वेगवेगळ्या भाषांतल्या कागदांतून माहिती वेचते आणि लागू कायद्याबाबत तपास अधिकाऱ्याला मदत करते. सायबर फसवणुकीच्या गुन्ह्यात बँका आणि मोबाइल कंपन्यांशी पत्रव्यवहार करता करता पैसे दहा खात्यांतून फिरून गेलेले असतात. अशा वेळी तपास तासाभराने जरी लवकर सुरू झाला, तरी फसलेल्या माणसाचे पैसे वाचू शकतात. प्रणालीचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही.

पण पोलीस हा राज्याचा विषय आणि परराष्ट्र व्यवहार केंद्राचा. त्यामुळे राज्यभरातल्या गुन्ह्यांच्या तपासाचा कणा परदेशी कंपनीच्या मंचावर उभा राहतो आहे, याचा परराष्ट्र धोरणाच्या अंगाने विचार कोणी करायचा, हे कुठेच ठरलेले नाही. गृह खात्याला ती पोलिसांची सोय वाटते, माहिती तंत्रज्ञान खात्याला प्रगती वाटते आणि दिल्लीला राज्याचा अंतर्गत मामला वाटतो. वर्षानुवर्षे तपास अधिकारी याच प्रणालीत काम शिकतील, टाचणे तिच्यातच साठतील, आणि मग ती बदलायची म्हटले तर 1,100 ठाण्यांची घडी विसकटेल. बाहेर पडण्याचा खर्च असा हळूहळू वाढतो. तो कोणत्याही निविदेत लिहिलेला नसतो.

यावर ठरलेला प्रतिवाद असा, की मग काय सगळे घरीच बनवायचे? नाही, आणि याचे उत्तर पुण्याने पूर्वीच देऊन ठेवले आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तो क्रे महासंगणक नाकारला. हवामान अंदाजासाठी कमी ताकदीचा दिला, तोही अनेक अटी घालून. त्यानंतर 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि अकोला जिल्ह्यातून आलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. आपण ही कथा अभिमानाने सांगतो, पण तिच्यातला महत्त्वाचा तपशील गाळतो. परम 8000 मधले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. भटकरांच्या चमूने चिप बनवली नाही. बाजारात सहज मिळणारे, कोणी अडवू न शकणारे सुटे प्रोसेसर समांतर जोडून मोठी गणिते कशी सोडवायची, याची रचना आणि सॉफ्टवेअर त्यांनी बनवले. पुढे पुरवठादार बदलला तरी विद्या आपल्याकडे राहिली. परकी वस्तू वापरूनही परक्याची मर्जी टाळता येते, ती अशी.

आजची स्थिती याच्याशी ताडून पाहावी. मार्च 2024 मध्ये केंद्राने 10,372 कोटी रुपयांच्या इंडियाएआय मिशनला मंजुरी दिली. जानेवारी 2025 मध्ये पहिल्या फेरीत 18,693 जीपीयूंची सोय झाली आणि त्यांतले 9,216 एकट्या योट्टाने देऊ केले होते. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने भारतीय भाषांसाठी ‘भारतजेन’ उभे राहते आहे. बेंगळुरूच्या सर्वमला मॉडेल घडवण्यासाठी 4,096 जीपीयू मिळाले. धोलेऱ्याला टाटांचा चिप कारखाना मंजूर झाला आहे, पण तिथे 28 नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या तंत्राच्या चिप होणार. एच-100 च्या पातळीपासून ते अनेक पिढ्या मागे आहे. तेव्हा पुढची काही वर्षे चिप बाहेरूनच येतील, हे वास्तव मान्य केले पाहिजे. आपल्या हातात जे आहे, ते म्हणजे मॉडेल, भाषांचा मजकूर, अभियंते आणि करारांच्या अटी. पैकी पहिल्या तिन्हींवर थोडाफार खर्च होतो आहे. अटींवर मात्र आपण एकेक पत्ता स्वतःहून खाली ठेवत चाललो आहोत.

2019 मध्ये ओसाकाच्या जी-20 परिषदेत डेटाच्या मुक्त संचाराच्या जाहीरनाम्यावर भारताने सही केली नव्हती. इंडोनेशिया आणि दक्षिण आफ्रिका हेही बाजूला राहिले होते. विकसनशील देशांना आधी आपले नियम करू द्या, ही भूमिका त्यामागे होती. जुलै 2025 मधल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात मात्र सॉफ्टवेअरचा सोर्स कोड उघड करण्याची सक्ती न करण्याचे कलम आपण मान्य केले. नियामकांसाठी त्यात अपवाद आहेत, परंतु ज्या यंत्रणेच्या आत काय चालते ते पाहण्याचा हक्क आपण सर्वसाधारणपणे सोडतो, तिच्यावर अंकुश ठेवणे अवघड होते. ऑनलाइन जाहिरातींवरचा सहा टक्के समानीकरण कर अमेरिकेच्या शुल्कवाढीचे ढग दिसू लागताच 1 एप्रिल 2025 पासून रद्द झाला. बदल्यात काय मिळाले? ऑगस्टमधले 50 टक्के. आणि 2026-27 च्या अर्थसंकल्पात भारतातल्या डेटा सेंटरांतून जगाला क्लाऊड सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांना 2047 पर्यंत करमाफी जाहीर झाली. गुंतवणूक यावी हा हेतू समजण्याजोगा आहे. पण वीस वर्षांची सवलत देताना आपण कोणत्या अटी घातल्या, याची चर्चा सवलतीएवढी झाली नाही.

या ठिकाणी पनवेल तालुक्याचा इतिहास उपयोगी पडतो. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादनाखाली आली. शहर उभे राहणार, विकास होणार, हे सर्वांनाच सांगितले गेले होते. विकसित झालेल्या शहरात मूळ मालकाचा वाटा किती, हे आधी ठरले नव्हते. तो मागण्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागले. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. ‘दिबां’चा आग्रह शहर नको असा नव्हता. आमच्या जमिनीवर जे मूल्य तयार होईल त्यात आमचा वाटा, आणि तोही रोख भरपाईत नव्हे, विकसित जमिनीत, असा तो होता.

त्या लढ्यातून दोन धडे घेता येतात. पहिला, जमीन गेल्यावर वाटा मागायला गेले की किंमत जीवाने मोजावी लागते आणि अंमलबजावणीत दशके जातात. म्हणून वाटा सहीच्या आधी मागायचा. दुसरा, वाटा पैशांत घेऊ नये, क्षमतेत घ्यावा. करमाफी घेणाऱ्या प्रत्येक परदेशी क्लाऊड कंपनीने आपल्या इथल्या संगणन क्षमतेचा ठरावीक हिस्सा खर्चाच्या भावात भारतीय विद्यापीठांना आणि सार्वजनिक संस्थांना राखून ठेवावा, अशी अट का असू नये? जमीन, वीज आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यातले पाणी आपण देणार असू, तर ही मागणी अवाजवी नाही. करमाफी मिळते ती बाहेरच्या ग्राहकांना सेवा देण्यासाठी. इथल्या संशोधकाला तोच जीपीयू भाड्याने घेताना डॉलरचा भाव मोजावा लागू नये.

याच्या जोडीला करारांत चार गोष्टी हव्यात. सरकारी आणि अत्यावश्यक सेवांची सांकेतिक कुलपे ज्या किल्ल्यांनी उघडतात त्या भारतीय संस्थेकडेच असाव्यात. तिसऱ्या देशाच्या निर्बंधावरून भारतीय न्यायालयाच्या आदेशाशिवाय सेवा थांबवता येऊ नये. थांबवायचीच झाली, तर काही महिन्यांची पूर्वसूचना आणि सगळा डेटा दुसरीकडे चालेल अशा स्वरूपात परत देण्याचे बंधन असावे. आणि प्रत्येक महत्त्वाच्या प्रणालीसाठी खुल्या मॉडेलवर चालणारा पर्याय वर्षातून एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावा. कंपन्या कुरकुरतील. 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेसमोरही त्या कुरकुरल्या होत्या. एवढ्या मोठ्या बाजारातून कोणी निघून गेले नाही.

या अटी घालण्याचे बळ एकट्या राज्यात नाही, आणि एकट्या भारतातही पुरेसे नाही. ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका हे देश याच कोंडीत आहेत. चिप मागायला प्रत्येक जण वॉशिंग्टनला स्वतंत्रपणे जातो, म्हणून प्रत्येकाला वेगळा भाव सांगितला जातो. किमान करारातल्या अटींचा एक सामाईक मसुदा या देशांनी ठरवला, तरी सौद्याची पातळी बदलेल. ओसाकाला यांतल्या इंडोनेशिया आणि दक्षिण आफ्रिकेबरोबर आपण एकत्र राहिलो होतो, ती सवय मोडू देता कामा नये.

सुरुवात मात्र घरातूनच करावी लागेल. मुंबईतली वीजपुरवठ्याची यंत्रणा, जिल्हा बँका, रुग्णालये, बंदरे, पोलीस ठाणी यांतल्या कोणत्या प्रणाली कोणत्या देशाच्या कंपनीच्या एका आदेशाने थांबू शकतात, आणि थांबल्या तर आठ दिवसांत काय होईल, याची यादी राज्याने करून केंद्राकडे द्यावी. परराष्ट्र मंत्रालयाने ती प्रत्येक मोठ्या निर्णयाआधी समोर ठेवावी. त्यासाठी जीपीयू लागत नाहीत, परदेशी तंत्रज्ञान लागत नाही, आणि खर्चही नगण्य आहे. घाई मात्र आहे, कारण पुढच्या वीस वर्षांना बांधणाऱ्या करारांवर सह्या आत्ता होत आहेत.